खात्यातून आपोआप कापले जाणारे पैसे: थांबवायचे कसे, परत मिळवायचे कसे?

सहकारनगरी (धागाकर्ती)

मंडळी, बाबांच्या पेन्शन खात्याचं पासबुक खूप दिवसांनी भरून आणलं आणि डोक्याला हात लावला. बाबा ७४ वर्षांचे. त्यांच्या हिशेबाने खात्यात पेन्शन येते, वीजबिल जातं, बास. पासबुकात मात्र हे दिसलं:

१) दर महिन्याच्या ५ तारखेला ९९९ रुपये. समोर 'एसीएच डी' आणि पुढे न वाचता येणारी इंग्रजी अक्षरं. खणल्यावर कळलं की हे ऑनलाइन योगवर्गवाले. गुडघ्यांसाठी बाबांनी तो वर्ग लावला होता आणि कंटाळून सोडलाही होता.
२) यूपीआयवरून दरमहा १९९ रुपये, कुठल्याशा ॲपला. पहिली नोंद २ रुपयांची आहे.
३) मे महिन्यात २० रुपये. किरकोळ आहेत, पण यादीच करायला बसले आहे तर लिहून टाकते.

योगवर्गवाले फोन उचलत नाहीत, चॅटवर यंत्र "आपला दिवस शुभ असो" म्हणून मोकळं होतं. ॲप काढून टाकलं. डेबिट कार्ड ब्लॉक करून नवं मागवलं. तरी पुढच्या ५ तारखेला ९९९ गेलेच. शाखेत काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "परवानगी तुम्हीच दिलीय, कंपनीकडून बंद करून आणा."

कंपनीचं आणि बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच धागा उडायचा. प्रश्न दोनच: हे थांबवायचं कसं, आणि गेलेले पैसे परत फिरवता येतात का?

---

बापू_हडपसर

वाचनखूण साठवली आहे. मी जिमला जाणं कधीच सोडलं, हप्ता मात्र नेमाने जातो. तिथे माझ्यापेक्षा माझं खातं जास्त घाम गाळतंय.

---

निवृत्त_रोखपाल

ताई, जरा लांबण लावतो, पण एकदा नीट समजून घ्या. पाणी कुठल्या टाकीतून येतंय हे न बघता नळ बडवण्यात अर्थ नसतो. तुमच्या तीन नोंदी तीन वेगळ्या टाक्यांमधल्या आहेत.

पहिली, 'एसीएच' किंवा 'नॅच'. पूर्वी ज्याला ईसीएस म्हणायचो त्याची जागा हिने घेतली. ठरलेली रक्कम खात्यातून आपोआप वळती करण्याची ही बँकांमधली व्यवस्था. चालवते एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारीच संस्था. यातली परवानगी, म्हणजे मँडेट, थेट खाते क्रमांकावर नोंदलेलं असतं. कागदावर सही करून देता येतं, तसंच नेटबँकिंगने, आधारच्या ओटीपीने किंवा डेबिट कार्डाचे तपशील भरूनही देता येतं. बाबांनी बहुधा कार्ड वापरलं असणार. पण इथे कार्ड फक्त सहीच्या जागी असतं. सही झाली की त्याचं काम संपलं. म्हणून कार्ड ब्लॉक करून ९९९ थांबले नाहीत, आणि ॲप काढण्याचा तर काही संबंधच नाही.

दुसरी, कार्डावरचं ई-मँडेट. सिनेमा-मालिकांची ॲपं, फोनमधली जास्तीची साठवणूक वगैरे. यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं आणि त्या संदेशातून नकार देण्याची सोय हवी. १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल या तिघांना ही मर्यादा १ लाख आहे. कार्ड कायमचं बंद झालं तर हे मँडेट सहसा लंगडतं. लोकांचा घोळ इथेच होतो. एका टाकीचा नियम दुसरीला लावतात.

तिसरी, यूपीआय ऑटोपे, जुलै २०२० पासून. तुमचे १९९ यातले.

चौथी, बँकेची स्वतःची स्थायी सूचना. आवर्ती ठेवीचा हप्ता, त्याच बँकेचं कर्ज, सरकारी विमा योजना. इथे बाहेरची कंपनी नसतेच. बंद करायचं ते बँकेलाच सांगायचं.

आता काउंटरवरच्या बाईंबद्दल. त्यांनी सांगितलं ते बरोबर नाही. नॅचचं मँडेट मागे घ्यायला कंपनीची संमती लागत नाही, खातेदाराने स्वतःच्या बँकेला सांगितलं की पुरे. ईसीएसच्या काळापासून हेच आहे. पण तोंडी सांगू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. अर्जात यूएमआरएन लिहा. प्रत्येक मँडेटला असा वीस अक्षरांचा क्रमांक असतो. स्टेटमेंटमध्ये दिसला नाही तर शाखेतून काढून मागा. नेटबँकिंग असेल तर 'मँडेट' किंवा 'ई-मँडेट' नावाचा विभाग बघा, कित्येक बँकांत तिथूनच रद्द होतं.

आणि ते २० रुपये किरकोळ नाहीत! मे महिन्यातले २० म्हणजे बहुतेक प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तिची वयोमर्यादा १८ ते ७० आहे. बाबा ७४. म्हणजे हप्ता कापला जातोय आणि घरात समज असेल की दोन लाखांचं अपघाती कवच आहे. वेळ आलीच तर दावा अडेल. हेही लेखी द्या.

---

सहकारनगरी

बापरे. २० रुपयांचं हे डोक्यातच नव्हतं. आणि बाबा खरंच म्हणत होते, "माझा दोन लाखांचा विमा आहे."

---

डावी_भुसारी

एवढे अर्ज-बिर्ज कशाला? ४ तारखेला रात्री सगळे पैसे दुसऱ्या खात्यात वळवा. ५ ला आले की मिळेल भोपळा. दोन-तीन वेळा हात हलवत गेले की कंपनीच दमते.

---

निवृत्त_रोखपाल

डावी_भुसारी, कंपनी दमत नाही, खातं दमतं. मँडेट जिवंत आणि शिल्लक नाही, तर नोंद परत जाते आणि खातेदाराची बँक दंड लावते. साधारण २५० ते ५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. काही वसुलीवाले त्याच महिन्यात पुन्हा नोंद पाठवतात, म्हणजे पुन्हा दंड. ९९९ वाचवायला निघालात आणि तेवढेच दंडात घातलेत असं व्हायचं. पेन्शन खात्यात असले खेळ तर मुळीच नकोत.

---

पर्वतीपायथा

वकिली चष्म्यातून थोडी भर. योगवर्ग ठीक आहे, पण हा धागा वाचून कोणी कर्जाच्या हप्त्याला 'खातं रिकामं' हा प्रयोग करायला जाऊ नये. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ चं कलम २५ वाचा. देणं असताना शिल्लक नाही म्हणून इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला तर तो गुन्हा होऊ शकतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक न वटण्याच्या कलम १३८ चं हे भावंड. लगेच कोणी बेड्या घेऊन येत नाही. आधी नोटीस येते, ती मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात.

आणि मँडेट रद्द केलं म्हणून कर्ज फिटत नाही. रद्द होते ती वसुलीची पद्धत. हप्ता दुसऱ्या मार्गाने भरला नाही तर क्रेडिट अहवालावर डाग बसतो तो बसतोच.

---

म्युनिकचा_पेठकर

आमच्याकडे (हो, आलं 'आमच्याकडे', हसून घ्या) हे सोपं आहे. थेट खात्यातून कापलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून परत घेता येते, कारण द्यावं लागत नाही. मुळात परवानगीच दिली नसेल तर तेरा महिने मुदत. युरोपातल्या बहुतेक देशांत सेपा म्हणून जी व्यवस्था आहे तिचा हा नियम. मी फोनवरून एक बटण दाबून जिमचे पैसे परत आणले आहेत. भारतात असं काहीच नाही?

---

बापू_हडपसर

तुमचीही जिमच? मग दुखणं जागतिक आहे.

---

पर्वतीपायथा

नाही, 'आठ आठवडे, कारण विचारू नका' असा हक्क आपल्याकडे नाही. धाग्याचा दुसरा प्रश्न इथेच अडतो, म्हणून स्पष्ट लिहितो. कुठले पैसे परत मागताय त्यावर सगळं अवलंबून आहे.

परवानगी तुमचीच होती आणि रद्द करण्याआधी पैसे गेले, तर बँक हात वर करते आणि तिचं चूक नाही. भांडण कंपनीशी. पण तिथेही तुम्ही अगदी निःशस्त्र नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरोधी, म्हणजे ॲप-संकेतस्थळांवर ग्राहकाला फसवून अडकवणाऱ्या क्लृप्त्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतल्या तेरा प्रकारांमध्ये 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे, म्हणजे वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं मुद्दाम अवघड करून ठेवणं. फोन न उचलणारी, रद्द करण्याचं बटण न दाखवणारी कंपनी यात चपखल बसते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, त्यात हा शब्द वापरा. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पण ९९९ साठी तिथे खेटे घालायचे का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

बँकेकडे मँडेट रद्द केलं आणि त्यानंतर पैसे गेले, तर जबाबदारी सरळ बँकेची. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. त्यात नॅचसाठी स्वतंत्र ओळच आहे: ग्राहकाने मँडेट मागे घेतल्यावरही खात्यातून रक्कम गेली तर त्याच्या बँकेने दुसऱ्या दिवसापर्यंत निपटारा करायचा, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. ती भरपाईही बँकेने न मागता द्यायची आहे. रोखपालकाकांनी पोच घ्या म्हटलं ते याचसाठी. पोचेवरची तारीख नसेल तर तुमच्या हातात काही नाही.

आणि मुळात परवानगीच नव्हती, कोणीतरी परस्पर मँडेट लावलं, तर ती फसवणूक. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर शून्य भुर्दंड. कळवल्यावर दहा कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर थोडा भार तुमच्यावर, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. म्हणून एसएमएस वाचत चला. ज्येष्ठांच्या खात्याला नोंदलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे आधी तपासा. निम्म्या घरांत तो जुना, बंद पडलेला असतो.

---

म्युनिकचा_पेठकर

धन्यवाद, हे माहीत नव्हतं. दिवसाला १०० रुपये मात्र इथे कोणी देत नाही.

---

सिंहगडरोड_एसआयपी

म्युच्युअल फंडवाल्यांसाठी एक मुद्दा. एसआयपी (फंडात ठरावीक तारखेला हप्त्याने गुंतवणूक) बंद करणं आणि बँकेतलं मँडेट रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत मँडेटच उडवलंत आणि त्याच मँडेटवर आणखी तीन योजनांचे हप्ते चालू असले तर तेही अडकले. आधी फंडाकडे किंवा ज्या ॲपमधून घेतली तिथे एसआयपी थांबवा. एखादा हप्ता चुकला तर फंड कंपनी दंड लावत नाही, दंड लावते ती बँक. त्यामुळे पगार ७ ला होत असेल तर हप्त्याची तारीख १० ठेवा, १ तारखेचा हट्ट कशाला? नोंदी सकाळी लवकर येतात, म्हणून पैसे आदल्या रात्रीच खात्यात असू द्या. "दुपारी जाऊन भरतो" चालत नाही.

मँडेटवरचा कमाल आकडाही बघून ठेवा. हप्ता २,००० चा आणि मँडेट ५०,००० चं, हे नेहमीचं आहे. घाबरण्यासारखं नाही, पण कुणाला किती दार उघडं ठेवलंय ते माहीत असावं.

---

औंधची_आजी

यूपीआयच्या १९९ बद्दल कोणीच काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझंही असंच गेलं होतं, नातीने शिकवलं. ज्या ॲपमधून परवानगी दिली ते उघडायचं, स्वतःच्या चित्रावर टिचकी मारायची, 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' शोधायचं. तिथे यादी येते. नाव निवडून रद्द करायचं, पिन टाकायचा, झालं. मध्येच थांबवण्याचीही सोय असते, पण मी म्हणते रद्दच करा. थांबवलेलं पुन्हा कधी चालू होईल आपल्याला काय कळतंय?

त्या यादीत रक्कम बघून दचकू नका. १९९ च्या वर्गणीला "१५,००० पर्यंत" असं लिहिलेलं असतं. आणि २ रुपयांत सात दिवस बघा म्हणणाऱ्यांना पिन देताना वरची ओळ वाचायची. २ रुपयांचा पिन नसतो तो, पुढच्या सगळ्या महिन्यांचा असतो.

---

निवृत्त_रोखपाल

औंधच्या आजींना नमस्कार! एवढं नेमकं आमच्या शाखेत कुणी समजावत नव्हतं. भर एवढीच: १ ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेचे व्यवहार गर्दीच्या वेळा टाळून होतात. सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५, किंवा रात्री साडेनऊनंतर. रात्री उशिरा पैसे गेल्याचा संदेश आला की लोक लगेच चोरी समजतात, तसं दर वेळी नसतं.

---

डावी_भुसारी

दुपारी १ ते ५? म्हणजे पुणं वामकुक्षी घेत असताना पैसे कापणार. वेळ कुणी ठरवली ते शोधा, इथला नाही एवढं नक्की.

---

कसबा_सहकारी

आमचं खातं एका लहान नागरी सहकारी बँकेत आहे. तिथे मोबाइल ॲपमध्ये मँडेट वगैरे दिसत नाही. साहेब म्हणतात, "आमच्याकडे हे मुख्य कार्यालयातून होतं." तक्रार करायची झाली तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल असतो ना, त्याच्याकडे सहकारी बँक चालते का? आणि पुण्यात कुठे जायचं? गणेशखिंड रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचं मोठं आवार आहे, तिथे?

---

निवृत्त_रोखपाल

गणेशखिंडचं आवार म्हणजे कृषी बँकिंग महाविद्यालय, तिथे बँकवाल्यांना प्रशिक्षण मिळतं. तक्रारीसाठी तिकडे जाऊ नका, रिक्षाचे पैसे वाया जातील.

आधी स्वतःच्या बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. नोव्हेंबर २०२१ पासून 'एक देश, एक लोकपाल' झालं आहे, त्यामुळे कुठल्या शहराचा लोकपाल आपला हे शोधत बसावं लागत नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर अर्ज भरायचा. कागदावरच पाठवायचं असेल तर टपाल चंदीगडच्या केंद्राकडे जातं. चौकशीला १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. ठेवी ५० कोटी किंवा जास्त असलेल्या नागरी सहकारी बँका यात येतात, पुण्यातल्या बऱ्याच बसाव्यात. मुख्य कार्यालयातून होतं असं सांगितलं तरी अर्ज शाखेतच द्या आणि पोच शाखेचीच घ्या. पुढे तो कुठे पाठवायचा ही त्यांची डोकेदुखी.

---

कोथरूड_मेट्रो

मी एक वेगळं खातंच काढलं आहे. सगळे हप्ते, वर्गण्या त्यातून. दर महिन्याला हिशेबाने पैसे टाकते. पगाराच्या मूळ खात्यावर एकही मँडेट नाही. कुणाचं काय जातंय ते एका पानावर दिसतं.

---

डावी_भुसारी

आणि त्या खात्यात किमान शिल्लक कमी पडली की त्याचा दंड वेगळा. घ्या.

---

कोथरूड_मेट्रो

शून्य शिल्लकवालं मूलभूत बचत खातं घेतलंय हो. अर्थात, एका बँकेत ते असेल तर तिथे दुसरं साधं बचत खातं ठेवता येत नाही, म्हणून दुसऱ्या बँकेत काढलं.

---

सहकारनगरी

धाग्यावर परत आले. अर्ज ३ तारखेला दिला. बाई घ्यायला का-कू करत होत्या, "हे ऑनलाइन करा" वगैरे. मॅनेजरांकडे गेले, पोच मिळाली. तरीही ५ ला ९९९ गेलेच! मग पोच आणि पर्वतीपायथा यांनी सांगितलेल्या परिपत्रकाची तारीख लिहून तक्रार केली. त्या महिन्याचे ९९९ परत आले. उशिराची भरपाई मात्र आली नाही, आणि मॅनेजर म्हणाले की असं काही असतं हे त्यांनी ऐकलेलं नाही.

यूपीआयचं औंधच्या आजींच्या पद्धतीने घरबसल्या झालं, बाबांनी स्वतः केलं.

योगवर्गवाल्यांकडे आधीच्या महिन्यांचे पैसे मागितले. १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर पहिल्यांदाच माणसाचा फोन आला. एका महिन्याचे देतो म्हणाले. मी हो म्हटलेलं नाही.

२० रुपयांवर शाखेत तिघांची बैठक भरली. पुढच्या वर्षीपासून बंद केलंय, परत द्यायला वरून मंजुरी लागेल म्हणे.

---

पर्वतीपायथा

एका महिन्यावर अजिबात मान्य करू नका. बाबांनी शेवटचा वर्ग कधी केला, त्याची नोंद त्यांच्याच ॲपमध्ये असणार. ती मागा. वापर शून्य आणि रद्द करायची वाट बंद, एवढं दिसलं की त्यांचा सूर बदलेल.

भरपाईचं मॅनेजरांनी ऐकलेलं नसेल तर तक्रारीत तो मुद्दा वेगळा लिहा आणि ३० दिवस मोजायला लागा.

---

कसबा_सहकारी

रोखपालकाका, अर्जाचा नमुना टाकाल का? आमच्या साहेबांना तोंडी काही कळत नाही.

---

निवृत्त_रोखपाल

घ्या. नाव-गाव आपापलं घाला.

"मा. शाखाधिकारी यांस,
विषय: खात्यावरील नॅच मँडेट रद्द करणेबाबत.
महोदय, माझे आपल्या शाखेत वरील क्रमांकाचे बचत खाते आहे. सदर खात्यावर अमुक कंपनीच्या नावे, यूएमआरएन अमुक, दरमहा रु. अमुक वसूल करण्याचे मँडेट नोंदलेले आहे. ते मी आजपासून मागे घेत आहे. यापुढे सदर मँडेटवर कोणतीही रक्कम खर्ची टाकू नये. तशी रक्कम वळती झाल्यास ती रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार भरपाईसह जमा करावी. मँडेट रद्द झाल्याचे लेखी कळवावे.
आपला विश्वासू,"

दोन प्रती काढा, एक देऊन दुसरीवर शिक्का घ्या. आणि पुढची तारीख तोंडावर येईपर्यंत थांबू नका, चार-पाच कामाचे दिवस हातात ठेवून द्या. ताईंनी ३ ला दिला आणि नोंद ५ ची होती, बहुधा तोवर ती रांगेत लागली असणार. म्हणून बँक सुटत नाही, पण तुमचा एक हेलपाटा वाचतो.

---

बापू_हडपसर

छापून घेतला. उद्या जिमचा.